चौदा आणि पंधरा नंबरची पाकिटं

सव्वीस वर्षं एकाच शाळेत गणित शिकवून झाल्यावर एखाद्या बाईला कुणी नवी म्हणायला लागलं, तर तिने काय करावं? हसावं, दुसरं काय. मुख्याध्यापकांच्या खोलीत बसायला लागल्यापासून सगळी शाळा त्यांना 'नव्या बाई' म्हणते. पोरं म्हणतात, पोरांचे आईबाप म्हणतात, आणि ज्या क्लार्ककाकांशी त्यांनी वीस वर्षं खडूच्या पेट्यांवरून भांडणं केली, तेही दारात उभे राहून अदबीने म्हणतात, "नव्या बाई, आत येऊ का?" त्यांना पहिल्या दिवशी वाटलं, काका चेष्टा करताहेत. पण काकांना चेष्टा करता येत नाही, हे सगळ्या शाळेला माहीत आहे.

खरी अडचण खुर्चीची होती. शाळा काढली ती मोठ्या बाईंनी, आणि मोठ्या बाई चांगल्या उंच होत्या. त्यांनी सुताराला घरी बोलावून स्वतःच्या मापाची खुर्ची करून घेतलेली. त्यांच्यानंतर आलेले सरही ताडमाड, त्यांनाही ती बरोबर बसली. नव्या बाई बसल्या की त्यांचे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबायचे. कपाटात जाडजूड शब्दकोश पडून होते, पण पुस्तकाला पाय लावायचा धीर होईना. शेवटी त्यांनी खडूचं एक रिकामं खोकं पायाखाली घेतलं आणि टेबलाला पुढून कापड लावलं, म्हणजे समोरच्याला दिसायला नको.

शाळेची इमारत पूर्वी बटणांचा कारखाना होती. कारखाना बंद पडला, मालकाने जागा मोठ्या बाईंना देऊन टाकली आणि जाताना जमिनीच्या फटींतली बटणंही मागे ठेवून गेला. पन्नास वर्षं झाली, पोरांना अजून बटणं सापडतात. दोन भोकांची, चार भोकांची, कोटाची मोठी काळी, बाळाच्या झबल्याची पांढरी. सापडलेलं बटण खिशात टाकायचं नाही, मोठ्या दाराजवळच्या काचेच्या बरणीत टाकायचं, असा नियम. गावात सगळे तिला 'बटणांची शाळा'च म्हणतात. कुणा सरकारचा हात डोक्यावर नाही, कुणा शेठजीचं नाव पाटीवर नाही. आपल्या मर्जीने शिकवायचं आणि आपल्या चुका आपणच निस्तरायच्या, हा मोठ्या बाईंचा खाक्या होता.

त्या खाक्यातली सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे पत्रं. गुणपत्रक आईबापांच्या हातात जायचं, ते सगळ्याच शाळांत जातं. पण वर्षाच्या शेवटच्या दिवशी इथे प्रत्येक मुलाला आपल्या वर्गशिक्षकाचं हाताने लिहिलेलं पत्र मिळतं. पान-दीड पान. नाव फक्त पाकिटावर. आत सुरुवातीला नुसतं 'बाळ'. मोठ्या बाई म्हणायच्या, पत्र खरं लिहिलेलं असेल तर आपल्याबद्दल आहे हे पोराला नाव न वाचता कळतं. पत्र घरी जाऊन उघडायचं, आणि 'तुझ्या पत्रात काय होतं' असं कुणी कुणाला विचारायचं नाही. पोरं एरवी सगळे नियम मोडतात, पण हा एवढा मात्र पाळतात.

नव्या बाईंना खुर्चीत बसून तीन आठवडे झाले होते तेव्हा समितीचे अध्यक्ष आले. अध्यक्ष म्हणजे निवृत्त इंजिनियर, सरळ माणूस, दोन्ही नातवंडं याच शाळेत. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, शाळेचं माहितीपत्रक छापायला जातंय. पहिल्या पानावर तुमचं मनोगत हवं. या शाळेबद्दल काय वाटतं, पुढे काय करायचंय, असं. एकच पान. शुक्रवारी द्या."

"देते की."

"आणि त्यात एक ओळ घाला. यंदापासून पत्रांऐवजी कॉम्प्युटरवर छापलेला प्रगती अहवाल मिळेल."

अध्यक्षांना वाटलं, नव्या बाई ऐकताहेत. खरं तर त्या मनात आकडे मोजत होत्या. ही त्यांची जुनी सवय. वर्गात प्रश्न विचारला की त्या वीसपर्यंत मोजतात आणि तोवर कुणाचंही उत्तर घेत नाहीत. हात वर गेलेले असोत की कुणी जागेवर उड्या मारत असो, वीस म्हणजे वीस. पोरांनी त्याला 'बाईंचे वीस' असं नाव ठेवलंय.

तेवढ्या वेळात अध्यक्षांचं सगळं सांगून झालं. शिक्षक थकतात. शेवटचा महिनाभर सगळे पत्रंच लिहीत बसतात. आईबाप विचारतात, ही पत्रं घेऊन पुढच्या शाळेत काय दाखवायचं? "आणि बाई, हाताच्या कामात चुका होतात. कुणाबद्दल भलतंच लिहिलं गेलं, कुणाचं कुणाला गेलं, तर? मशीन चुकत नाही."

माणूस चुकीचं काही बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. नव्या बाई म्हणाल्या, "शुक्रवारी सांगते. पण साहेब, मी आज या खुर्चीत बसले आहे ती अशाच एका पत्रामुळे."

"मग तेच लिहा की मनोगतात," अध्यक्ष उठता उठता म्हणाले. "दाखवा मला ते पत्र. मला पटलं तर बघू."

आता ते पत्र काय होतं, ते सांगायलाच हवं.

नव्या बाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांचं नाव होतं 'तुफान'. आईवडिलांनी ठेवलेलं नव्हे, वर्गाने ठेवलेलं. फळ्यावर गणित पुरतं लिहून व्हायच्या आत ही पोरगी उत्तर देऊन मोकळी. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि दुसऱ्याला तोंड उघडू द्यायचं नाही. तिच्या शेजारी बसायची ढब्बू. ढब्बू गोल चेहऱ्याची, सावकाश चालणारी, सावकाश जेवणारी, आणि सातच्या पाढ्यापलीकडे जिची गाडी कधी गेली नाही अशी. दोघी सहा वर्षं एका बाकावर बसल्या. ढब्बूला एखादी गोष्ट कळायला तीनदा विचारावं लागायचं. तुफान तिसऱ्यांदा सांगताना दातओठ खायची. पण एकदा कळलं की ढब्बूला ते दुसऱ्याला असं काही समजावता यायचं की विचारू नका. स्वतःला उशिरा कळायचं, म्हणून दुसऱ्याचं नेमकं कुठे अडतंय हे तिला ठाऊक असायचं. मधल्या सुट्टीत त्यांच्या बाकाशी चार-पाच पोरं तरी उभी असायची. तुफान उत्तर फेकायची आणि खेळायला पळायची. पोरं ढब्बूपाशी थांबायची.

त्या वर्षी पाचवीचा वर्ग खुद्द मोठ्या बाईंकडे होता. शेवटच्या दिवशी त्यांनी एकेकाला पुढे बोलावून पाकिटं दिली. तुफानने घरी जायचीही वाट पाहिली नाही, कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीमागे उभी राहून पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं:

"बाळ, यंदा वर्गात ज्याला काही कळलं नाही तो तुमच्या बाकाशी आला, हे मी पाहिलं. समोरच्याला समजेपर्यंत तू थांबतेस. थांबता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. मी इतकी वर्षं शिकवते, मला अजून ती नीट जमत नाही. तू पुढे शिक्षक झालीस तर उत्तमच, पण कुणीही झालीस तरी आपल्याशेजारी माणसाला बसता येईल एवढी जागा ठेव."

शाबासकीची तुफानला सवय होती, पण ही शाबासकी खोटी होती. ती कधी कुणासाठी थांबली होती? मोठ्या बाईंनी लांबून बाकाभोवतीची गर्दी पाहिली आणि त्यांची समजूत झाली की समजावणारी तुफानच. एवढ्या हुशार बाई, पण चुकल्या. आता काय करायचं? जाऊन खरं सांगायचं तर शाबासकी जाईल. नाही सांगायचं तर मोठ्या बाईंना आज ना उद्या कळेल आणि ती त्यांच्या मनातून कायमची उतरेल. सगळी सुट्टी पोरीने या काळजीत काढली. शेवटी तिने अकरा वर्षांच्या डोक्याने तोडगा काढला. पत्र खोटं आहे ना? मग ते खरं करायचं, बाईंना कळायच्या आत.

सहावीच्या पहिल्या दिवसापासून ती थांबायला लागली. उत्तर जिभेवर येऊन नाचायचं, ती मनात मोजायची, एक, दोन, तीन. पहिल्यांदा पाचपर्यंतच जमलं. कंजूषाने पैसा सोडावा तशी ती एकेक आकडा पुढे सरकायची. वर्षअखेर वीसपर्यंत पोचली, आणि त्या वीस आकड्यांत तिला पहिल्यांदा दिसलं की वर्गात इतर पोरांचेही हात वर जातात. पुढे कॉलेज झालं, दोन चांगल्या नोकऱ्या चालून आल्या, त्या सोडून ती याच शाळेत गणित शिकवायला आली. पत्र आधी दप्तरात, मग पाकिटात, मग पर्सच्या आतल्या कप्प्यात. घड्यांवर फाटलं तेव्हा मागून पट्टी लावली. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला त्यांनी आधी ते पत्र दाखवलं होतं आणि मग आईवडिलांची ओळख करून दिली होती.

तर बुधवारी दुपारी नव्या बाई मनोगत लिहायला बसल्या. 'आमची शाळा उज्ज्वल भविष्याकडे वाटचाल करीत आहे,' असं लिहिलं, वाचलं, आणि कागद चुरगळला. त्यांना आपल्या आशा काही मोठ्या वाटत नव्हत्या. बरणीत बटणं पडत राहावीत. पोरांनी उत्तराआधी जरा थांबावं. पत्रं चालू राहावीत. एवढंच. पण हे छापायचं कसं? मग त्यांना सुचलं, आपलं पत्रच छापावं. पर्समधलं पत्र इतकं झिजलं होतं की अर्धी अक्षरं घड्यांत गेली होती. पण मोठ्या बाई प्रत्येक पत्राखाली कार्बन ठेवायच्या आणि नकला जपायच्या, हे त्यांना माहीत होतं.

"काका, जुन्या पत्रांच्या नकला कुठे असतात?"

"लोखंडी कपाट. खालचा कप्पा. पण झुरळं असतील हं," क्लार्ककाका म्हणाले आणि किल्ली देऊन सुरक्षित अंतरावर गेले.

झुरळं नव्हती. वर्षावार गठ्ठे होते, सुती नाडीने बांधलेले. त्या वर्षीचा पाचवीचा गठ्ठा सापडला तेव्हा नव्या बाईंना इतका आनंद झाला की त्या तिथेच जमिनीवर बसल्या. तोच तिरका 'क', तेच ओळीच्या वर उडणारे अनुस्वार, आणि कार्बनच्या निळ्या शाईचा तो वास. नकलेवर नाव नव्हतंच. वरच्या कोपऱ्यात फक्त हजेरी नंबर, तोही नकलेवरच घातलेला. तुफानचा नंबर चौदा, ढब्बूचा पंधरा. सहा वर्षं रोज सकाळी 'हजर' म्हटलेलं, ते कसं विसरेल?

चौदा नंबरचा कागद त्यांनी काढला. वाचला. पुन्हा वर नंबर बघितला. पंधरा नंबरचा काढला.

"बाळ, यंदा वर्गात ज्याला काही कळलं नाही तो तुमच्या बाकाशी आला, हे मी पाहिलं..."

तो कागद पंधरा नंबरचा होता.

मोठ्या बाई चुकल्या नव्हत्या. त्यांनी बरोबर मुलीला पाहिलं होतं आणि बरोबर मुलीला लिहिलं होतं. फक्त पाकिटं भरताना दोन कागदांची अदलाबदल झाली. सुरुवातीला नाव नाही, कुणी कुणाला विचारायचं नाही, मग ही चूक कुणाच्या लक्षात येणार? नव्या बाईंनी चौदा नंबरचा कागद पुन्हा समोर धरला. एक्केचाळीस वर्षांनी त्यांना त्यांचं पत्र मिळत होतं.

"बाळ, तुला सगळं सगळ्यांच्या आधी येतं. वर्षभर मी तुला शाबासकी दिली, आज एक खरी गोष्ट सांगते. तुझं उत्तर आलं की वर्गातले बाकीचे हात खाली जातात. तुला ते दिसत नाही. दुसऱ्यासाठी थांबायला मी तुला शिकवू शकले नाही, ही उणीव माझी आहे. तू फार पुढे जाशील, पण मला भीती वाटते की एकटीच जाशील. तुझ्याशेजारी जी बसते तिच्याकडे एकदा नीट बघ."

क्लार्ककाका थोड्या वेळाने डोकावले. "बाई, झुरळ चावलं का?"

"नाही हो काका."

"मग रडताय कशाला?"

नव्या बाईंना रडू पत्रातल्या बोलण्याचं आलंच नव्हतं. ते तर सगळं खरं होतं. त्यांना वाटत होतं, आपण चोर आहोत. ज्या पत्रावर आपण आख्खं आयुष्य उभं केलं ते ढब्बूचं होतं, आणि त्या बिचारीला काय मिळालं? सातचा पाढा न येणाऱ्या पोरीला 'तुला सगळं सगळ्यांच्या आधी येतं' असं पत्र. तिला वाटलं असेल, मोठ्या बाई आपली टर उडवताहेत. ढब्बू दहावीनंतर वडिलांच्या कपडे धुण्याच्या दुकानात बसली, ती अजून तिथेच होती. वर्षातून दोनदा रस्त्यात भेट व्हायची, 'काय गं', 'काय नाही गं', संपलं. आणि शुक्रवारी हेच पत्र आपलं म्हणून छापायला आपण निघालो होतो.

गुरुवारी शाळा सुटल्यावर नव्या बाई दुकानात गेल्या. दुकान अरुंद आणि लांब, आत वाफेचा आणि साबणाचा वास. वर दांड्याला कोट, शर्ट, पडदे ओळीने टांगलेले, प्रत्येकाच्या गळ्याशी टाचणीने कापडाची चिठ्ठी लावलेली, चिठ्ठीवर न पुसणाऱ्या शाईने नंबर. मागे पाटी: 'तीन महिन्यांत न नेलेल्या कपड्यांस दुकान जबाबदार नाही.' ढब्बू प्रेसच्या यंत्राशी उभी राहून एका पांढऱ्या शर्टाची बाही दाबत होती. आता ती ढब्बू राहिली नव्हती, पण चेहरा तसाच गोल.

"अगंबाई! हेडमास्तरीण!" ढब्बू म्हणाली. "काय टाकायचंय? कोट असेल तर सोमवारी मिळेल हं."

"कपडे नाहीत गं. तुझं पत्र आणलंय."

"कसलं पत्र?"

"पाचवीतलं."

ढब्बूने बाहीवरून हात काढला नाही. नव्या बाईंनी पर्समधून पट्ट्या लावलेला कागद काढला आणि पुढे केला.

"माझे हात ओले आहेत," ढब्बू म्हणाली. "तूच वाच."

मग त्या दुकानात, वाफेच्या फुसफुसण्यात, नव्या बाईंनी ते पत्र मोठ्याने वाचलं. घड्यांत गेलेली अक्षरं पाठच होती. ढब्बू तीच बाही पुन्हा पुन्हा दाबत राहिली. पण नव्या बाईंना विचारायचं ते विचारलंच पाहिजे होतं.

"माझं तुझ्याकडे आलं ना? ते माझं आहे हे तुला कधी कळलं?"

विचारलं आणि त्या मनात मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. ढब्बूने शर्ट उलटा केला. नऊ, दहा. दुसरी बाही लावली. सतराला ती बोलली.

"पहिल्याच ओळीला. मला काय येत होतं गं सगळ्यांच्या आधी?"

"मग मला दिलं का नाहीस?"

"तू रडली असतीस," ढब्बू म्हणाली. "तेव्हा तुला कुणी काही बोललेलं सहन व्हायचं का? एकदा एक मार्क कमी पडला तर दोन दिवस जेवली नव्हतीस. म्हटलं, जरा मोठी झाली की देऊ. मग सहावीत बघते तर तू थांबायलाच लागलीस. मला पाढे शिकवत बसायचीस, बोटं मोजत, डोळे मिटून. म्हटलं, आता कशाला द्यायचं? पत्रात सांगितलंय ते हिने न वाचताच केलं."

नव्या बाईंना बसायला जागा नव्हती, म्हणून त्या धुवायला आलेल्या चादरींच्या गाठोड्यावर बसल्या. "आणि तुझं? तुला तर काहीच मिळालं नाही. तुला मिळालं ते माझं वाईट बोलणं."

"मिळालं की," ढब्बू म्हणाली. तिने यंत्र बंद केलं, हात पुसले आणि गल्ल्याच्या वरच्या फळीवरून पत्र्याचा एक डबा काढला. आतल्या कागदाला पट्ट्या नव्हत्या, तो जवळजवळ कोराच राहिला होता. तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. 'तुझ्याशेजारी जी बसते तिच्याकडे एकदा नीट बघ.' ही मीच की नाही? तोवर मला वाटायचं, त्या वर्गात मी आहे हेच बाईंना माहीत नाही."

नव्या बाईंनी आपल्या हातातला कागद तिच्यापुढे धरला. "हे तुझं तू घे. माझं मला दे."

ढब्बूने मागच्या पाटीकडे हनुवटी केली. "वाचता येतं ना हेडमास्तरणीला? तीन महिन्यांत न नेलेल्या मालाची जबाबदारी नाही. आता नाही मिळायचं." आणि मग दोघी इतक्या हसल्या की बाहेरचं गिऱ्हाईक दारातच थबकलं.

शुक्रवारी नव्या बाईंनी मनोगत दिलं. पानाच्या डाव्या बाजूला चौदा नंबरचं पत्र, उजव्या बाजूला पंधरा नंबरचं, आणि खाली पाकिटं कशी बदलली ते सगळं, काही न लपवता. शेवटी एक ओळ: 'या शाळेत पत्रं चालू राहावीत, अशी माझी आशा आहे.' अध्यक्षांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

"बाई, म्हणजे मी म्हणत होतो तेच झालं. चूक झाली."

"झाली."

"तरी तुम्हाला पत्रंच हवीत?"

"साहेब, तुमच्या मशीनचा नमुना मी पाहिला. 'प्रगती समाधानकारक.' हे कुणाच्याही पाकिटात घाला, चालून जातं. ते चुकीच्या मुलाला जाऊच शकत नाही, कारण ते कुठल्याच मुलाचं नसतं. ढब्बूला पहिल्या ओळीत कळलं की पत्र तिचं नाही. मला कळलं की त्यातली मुलगी मी नाही. एवढं नेमकं लिहिलेलं असेल तरच चूक झाल्याचं कळतं."

अध्यक्ष बराच वेळ गप्प बसले. नव्या बाईंनी मोजलं नाही, पण विसाच्या पुढेच गेलं असेल. मग ते म्हणाले, "एक वर्ष देतो. शिक्षकांना शेवटच्या महिन्यात दुसरं काम देऊ नका. आणि एकही पाकीट बदलता कामा नये. एक जरी बदललं, तर पुढच्या वर्षी मशीन."

त्या अटीने शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तीनशे बारा पत्रं, तीनशे बारा पाकिटं. क्लार्ककाका म्हणाले, "माझ्यावर नका हो टाकू." नव्या बाई मात्र निवांत होत्या. इतक्या वर्षांत ज्या दुकानातून एकही कपडा भलत्याच्या घरी गेला नव्हता, ते दुकान त्यांना माहीत होतं.

वर्षाच्या शेवटच्या दिवसाआधी ढब्बू शाळेत आली, टाचण्यांची डबी आणि नंबर घातलेल्या कापडी चिठ्ठ्यांची माळ घेऊन. दारात बरणीपाशी थांबली, वाकली, फटीतून एक काळं बटण उचललं आणि आत टाकलं. मग लांब टेबलाशी बसून तिने एका बाजूला पत्रं लावली, दुसऱ्या बाजूला पाकिटं, शिक्षक सांगतील तशी दोघांना एकाच नंबरची चिठ्ठी टाचली, आणि नंबर जुळला की मगच कागद आत. शिक्षक तिच्याभोवती पोरांसारखे उभे राहिले होते. कुणी घाई केली की ती मान वर न करता म्हणायची, "थांबा जरा." दुपार कलली तेव्हा तीनशे बारा पाकिटं भरून झाली.

एक उरलं.

ढब्बूच्या कपाळाला आठी पडली. "हे कुठलं? जास्तीचं आलं." तिने पाकीट उलटलं. वर तिचं नाव होतं, शाळेच्या पटावर होतं तसं, अख्खं. खाली नंबर पंधरा. तिने समोर बघितलं. नव्या बाई त्या उंच खुर्चीत बसून पाय खोक्यावर ठेवून दुसरीकडेच बघत होत्या.

पत्र घरी जाऊन उघडायचं, हा नियम ढब्बूने त्या दिवशी मोडला. आत दोनच ओळी होत्या. "बाळ, सहा वर्षं मी तुझ्याशेजारी बसले आणि तुझ्याकडे कधी नीट बघितलं नाही. आता बघते आहे."

ढब्बूने ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. डोळे पदराने टिपले नाहीत, तिला तशी सवय नाही, मनगटाने पुसले. डबीतून एक टाचणी काढली, पंधरा नंबरची चिठ्ठी पत्राच्या कोपऱ्याला लावली, तशीच दुसरी पाकिटाला लावली, आणि दोन्ही नंबर एकमेकांशी ताडून बघितले.

"हे बरोबर पाकिटात पडलंय," ती म्हणाली.